स्पेलिंगमुळे पैसे अडले नाहीत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा घरचा कारखाना असलेल्या एका सुनेचं हे पत्र. त्या एम.कॉम. झाल्यात आणि लग्नानंतर ऑफिसचं काम त्यांच्याकडे आलं. आजवर माल मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत बाहेर जायचा. या वेळी पहिल्यांदाच दुबईच्या खरेदीदाराची थेट ऑर्डर आली: १२,००० टॉवेल, नगाला अडीच डॉलर, ३०,००० डॉलरची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी). माल २० जानेवारीपर्यंत जहाजावर चढायला हवा होता, चढला २२ तारखेला. रंगाचा एक लॉट ठरलेल्या छटेला जुळला नाही म्हणून २४० नग कमी गेले. खरेदीदाराच्या प्रतिनिधीच्या सहीचं तपासणी प्रमाणपत्र हवं होतं, पण प्रतिनिधी आलाच नाही. व्हॉट्सॲपवर ‘ओके, पाठवा’ एवढंच आलं. त्यात पॅकिंग लिस्टवर ‘टॉवेल्स’ लिहिताना दोन अक्षरं उलटसुलट टाइप झाली. त्यांच्या बँकेने हे चारही मुद्दे लिहून कागद परत दिले. खरेदीदार म्हणतो, ८ टक्के सूट द्या, मग स्वीकारतो. सीएचएकडचा, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटकडचा माणूस म्हणतो, बीएलची (बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर घेतल्याची शिपिंग कंपनीची पावती) तारीख २० करून घेऊ. सासरे म्हणतात, एलसी म्हणजे पक्के पैसे असं सांगून बँकेने फसवलं, आणि सुनेला साधं स्पेलिंग येत नाही. पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत: सूट द्यावी का? आणि हे काम सोडून द्यावं का?

ताई, एलसीची मुदत १० फेब्रुवारीला संपतेय, म्हणून रांग मोडून तुमचं पत्र आधी घेतलं.

आधी ते स्पेलिंग बाजूला काढू. चार पानांच्या पत्रात तुम्ही त्यावर दीड पान खर्च केलंय. लेटर ऑफ क्रेडिटचे नियम पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने केलेत. सध्या चालतात ते ‘यूसीपी ६००’, १ जुलै २००७ पासून लागू असलेले. कागद कसे तपासायचे, याची त्याच मंडळाची वेगळी पुस्तिका आहे. टायपिंगच्या चुकीने शब्दाचा अर्थ बदलत नसेल तर ती चूक धरायची नाही, असं तीत स्वच्छ लिहिलंय. ‘मशीन’चं स्पेलिंग चुकलं तर चालतं. मॉडेल नंबर ३२१ च्या जागी १२३ पडला तर चालत नाही, कारण ती वस्तूच वेगळी ठरते. तुमच्या टॉवेलचा दुसरा कसलाही अर्थ होत नाही. शिवाय पॅकिंग लिस्ट तुमच्याच लेटरहेडवरचा कागद आहे आणि कागद अजून दुबईला गेलेले नाहीत. नवी प्रिंट काढा, सही-शिक्का करा, जुनी फाडून टाका. पाच मिनिटांचं काम आहे. बँकेतल्या अधिकाऱ्याने तो मुद्दा का लिहिला असेल, याचा अंदाज मला आहे. मीही परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली आणि नवी असताना स्वल्पविरामावरूनही कागद परत पाठवलेत. नवा माणूस सगळंच लिहून काढतो, म्हणजे उद्या कुणी त्याला विचारायला नको.

घरात मात्र याच मुद्द्यावर गदारोळ झाला. बाकीचे तीन मुद्दे कुणाला नीट कळले नसावेत, हा मात्र कळला. शिवाय तो तुमच्या हातचा होता.

आता मामंजींचं म्हणणं. आधी त्यांच्या लेखी एलसी म्हणजे पक्के पैसे होते, आता ती फसवणूक झाली. दोन्ही वेळा त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवलीय: माल चांगला गेला की बँकेने पैसे मोजायलाच हवेत. एलसीत तसं काही नसतं. बँक माल बघत नाही, ती कागद बघते. यूसीपीचं पाचवं कलम एवढंच सांगतं. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तुमच्या टॉवेलचा पोत लाखात एक असेल. दुबईच्या बँकेत टेबलामागे बसलेल्या माणसाला त्याचं काही नाही, तो टॉवेल हातात घेणारच नाही. त्याच्यापुढे इन्व्हॉइस, बीएल, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला) आणि एलसीची प्रत असते. सांगितलेले कागद, सांगितल्या तारखेत, एकमेकांशी विसंगत नसलेले, एवढं जमलं की खरेदीदाराला माल आवडो न आवडो, त्याचं मन फिरो न फिरो, बँकेला पैसे द्यावे लागतात. मामंजी ज्याला पक्के पैसे म्हणतात ते हेच, फक्त त्याची अट टॉवेलात नाही, कागदात आहे. इतकी वर्षं ती अट मुंबईचा व्यापारी तुमच्या वतीने सांभाळत होता. त्याचा कमिशनचा पैसा काही फुकटचा नव्हता, हे तुम्हाला आता कळलं असेल.

उरलेल्या तीन मुद्द्यांचं वजन सारखं नाही.

तारखेचा मुद्दा सगळ्यात जड. तुम्ही लिहिलंय की कंटेनर १८ तारखेला न्हावा शेवा बंदराच्या गेटातून आत गेला, मग उशीर आमचा कसा? एलसीत तारीख गेटाची धरत नाहीत. माल जहाजावर चढला, ही बीएलवरची ‘ऑन बोर्ड’ नोंद ज्या तारखेची, तीच शिपमेंटची तारीख. बंदरात जहाज दोन दिवस रखडलं तर तो दोष तुमचा नाही, पण जोखीम तुमची होती. आणि बँकेला सुट्टी असेल तर कागद देण्याची मुदत पुढे सरकते, माल चढवण्याची शेवटची तारीख सरकत नाही. यावर बरेच जण फसतात.

२४० नगांचं प्रकरण जरा मजेचं आहे. १२,००० पैकी ११,७६० गेले, म्हणजे २ टक्के कमी. यूसीपीत मालाच्या प्रमाणात ५ टक्के मागेपुढे चालतं, असं तुमच्या दिरांना कुणीतरी सांगितलं होतं. ते खरं आहे, पण अर्धं. एलसीत माल नगांवर किंवा खोक्यांच्या संख्येवर लिहिलेला असेल तर ही सवलत मिळत नाही. हाच माल किलोवर लिहिलेला असता तर २ टक्क्यांची तूट सहज खपली असती. किंवा संख्येच्या आणि रकमेच्या मागे ‘अंदाजे’ या अर्थाचा शब्द असता तर १० टक्क्यांपर्यंत मोकळीक होती. तुमच्या एलसीत नग आहेत, ‘अंदाजे’ नाही, आणि माल तुकड्यातुकड्याने पाठवायला मनाई आहे. त्यामुळे एक टॉवेल कमी असता तरी मुद्दा निघालाच असता. सोलापुरात टॉवेल किलोवरही विकतात, डझनावरही. एलसीत यातलं काय लिहायचं, हे ठरवण्याची संधी तुम्हाला होती.

तिसरा मुद्दा प्रमाणपत्राचा, आणि त्याचा मला राग येतो. खरेदीदाराच्या माणसाच्या सहीचा कागद हवा, अशी अट म्हणजे तिजोरीची किल्ली त्याच्याच खिशात ठेवणं. त्याचा माणूस आला नाही की कागद नाही, आणि कागद नाही तर पैसे नाहीत. तो मुद्दाम आला नाही असं मी म्हणत नाही. पण अशी अट दिसली की माल पाठवण्याआधी ती काढून घ्यायची, नाहीतर तपासणी करणाऱ्या एखाद्या त्रयस्थ कंपनीचं नाव घालून घ्यायचं. व्हॉट्सॲपवरचा ‘ओके’ बँकेच्या लेखी शून्य. खरेदीदाराशी वाद घालताना मात्र तो उपयोगी पडेल, म्हणून जपून ठेवा.

सीएचएकडच्या माणसाचा उपाय मनातूनही काढून टाका. बीएलची तारीख मागे घेणं म्हणजे खोटा दस्तऐवज करणं. जहाज कोणत्या दिवशी कुठल्या धक्क्याला होतं, हे आज कुणीही मोबाइलवर बघू शकतो. ८ टक्के मागणाऱ्या खरेदीदाराला ते बघायला किती वेळ लागेल? आज तुमच्या कागदांत उणीव आहे, उद्या त्याच कागदांवर फसवणुकीचा आरोप होईल, आणि तुमच्याच बँकेतलं तुमचं खातं संशयाच्या यादीत जाईल. त्या माणसाचं काम कंटेनर पोहोचवण्याचं आहे. ते त्याने केलं, त्याबद्दल त्याचे आभार माना.

आता सूट. ‘द्यावी की नाही’ असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं: हे टॉवेल त्याला हवेत का? तुमच्या पत्रात हे कुठेच नाही. त्याची गिऱ्हाइकं वाट बघत असतील तर त्याला माल सोडून चालणार नाही. बाजार पडला असेल तर ८ टक्के घेऊनही उद्या तो दुसरं काहीतरी काढेल. फोन करा आणि सरळ विचारा. दुबईत टॉवेल विकणारे सोलापूरचे, मालेगावचे, इचलकरंजीचे लोक शोधले तर सापडतील. भाव काय चाललाय ते दोघांना विचारा. मग तुमच्या हातात काय आहे ते मोजा. मूळ बीएलचा पूर्ण संच, साधारण तीन प्रती, अजून तुमच्याकडेच आहे. त्याशिवाय त्याला कंटेनर सुटणार नाही. अपवाद एकच: एखादी मूळ प्रत परस्पर खरेदीदाराला कुरिअरने पाठवायची, अशी अट काही एलसींत असते. तुमच्यात होती का आणि प्रत गेली का, हे आजच बघा. गेली असेल तर पुढचं बरंचसं बोलणं व्यर्थ आहे.

गेली नसेल, असं धरून चालू. सूट म्हणून तो मागतोय ते २९,४०० डॉलरवर २,३५२ होतात. दुसऱ्या पारड्यात दुबईच्या जेबेल अली बंदरात कंटेनर पडून राहण्याचं भाडं आहे. फुकटचे दिवस किती आणि त्यानंतर रोजचे किती, हे शिपिंग कंपनीकडून लेखी घ्या. माल परत आणायचा तर परतीचं भाडं आणि कस्टम्सची नवी कटकट. तिथेच दुसरा गिऱ्हाईक बघायचा तर बीएल कुणाच्या नावे ‘टू ऑर्डर’ आहे, म्हणजे माल कुणाच्या सांगण्यावरून सोडायचा, ते महत्त्वाचं. दुबईच्या बँकेच्या ऑर्डरवर असेल तर त्या बँकेच्या एंडोर्समेंटशिवाय, म्हणजे बीएलच्या पाठीवरच्या सहीशिवाय, माल दुसऱ्याला देता येत नाही. पूर्ण संच परत करून शिपिंग कंपनीकडून नवा बीएल घेता येतो, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. ही सगळी बेरीज घरच्यांसमोर मांडा, ८ टक्के हा आकडा त्यानंतरच बोला.

माझं मत विचाराल तर ८ टक्के देऊ नका, पण हातही आखडता घेऊ नका. कमी गेलेल्या २४० नगांचे पैसे तुम्ही मुळात लावलेलेच नाहीत. तपासणीचा माणूस त्याच्याकडून आला नाही. खरी उणीव दोन दिवसांच्या उशिराची, आणि ती जोखीम तुमची होती. ती मान्य करून २ टक्क्यांपासून बोलणी सुरू करा, म्हणजे ५८८ डॉलर. ३ टक्क्यांच्या पुढे मी जाणार नाही. मामंजी वैतागून एकदम ८ ला ‘हो’ म्हणतील, याची मला भीती वाटते. पहिल्याच व्यवहारात एवढं दिलं की पुढच्या प्रत्येक कंटेनरला तो भिंग घेऊन बसेल.

बोलणी चालू असताना कागद अडवून ठेवू नका. १० फेब्रुवारीच्या आत ते बँकेत सादर झालेच पाहिजेत. शिपमेंटपासून २१ दिवस मिळतात असं कुणी सांगेल. ते १२ फेब्रुवारीला भरतात, पण एलसी त्याआधी संपते, आणि जी तारीख आधी येते ती खरी. एलसी कुठे संपते, तेही बघा: भारतात की दुबईत? दुबईत संपत असेल तर कागद १० तारखेला तिथे पोहोचलेले हवेत. सोलापूरच्या शाखेतून ते आधी मुंबई-पुण्याच्या परकीय चलन शाखेत जाणार असतील तर तेही दिवस धरा.

कागद तिकडे पोहोचले की दुबईच्या बँकेला पाच कामकाजाचे दिवस मिळतात. नाकारायचं असेल तर त्या मुदतीत, सगळी कारणं एकदम, एकाच निरोपात सांगावी लागतात. मुदत चुकली तर नाकारण्याचा तिचा हक्क जातो, आणि मागाहून काढलेली कारणं धरली जात नाहीत. यावर भिस्त ठेवू नका, पण आपल्या बँकेला त्या दिवसांवर लक्ष ठेवायला सांगा. उणिवा मान्य आहेत का, असं खरेदीदाराला विचारायचं की नाही, हे ती बँक ठरवते. त्यामुळे खरेदीदाराशी जे ठरेल त्याचा निरोप तिकडच्या बँकेकडून इकडच्या बँकेला आला पाहिजे. खरेदीदाराने फोनवर ‘हो’ म्हटलं आणि तुम्ही कागद सोडायला सांगितले, असं होऊ देऊ नका. रक्कम कमी होणार असेल तर आपल्या बँकेला आधी लेखी कळवा. शिपिंग बिलातला आकडा आणि आलेले डॉलर यांचा मेळ तिला दाखवावा लागतो. आणि बँकेने हमीपत्र घेऊन आत्ताच पैसे दिले तर ते खर्चू नका. तिकडून नकार आला की तेच पैसे व्याजासकट परत द्यावे लागतात.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं, यापुढे ॲडव्हान्सशिवाय माल नाही. मिळत असेल तर जरूर घ्या. पहिल्या ऑर्डरला पूर्ण ॲडव्हान्स देणारा गिऱ्हाईक मी फार कमी पाहिलाय.

राहिला काम सोडण्याचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय, एलसी ८ डिसेंबरला आली, घरात पेढे वाटले आणि प्रत फाइलला लावली. ती वाचली कुणी? तुम्ही रक्कम आणि नाव बघितलं, दिरांनी भाव बघितला, मामंजींनी बँकेचं नाव बघितलं. चूक कुणा एकाची असेल तर ती त्या दिवसाची आहे, आणि त्यात तुमचा वाटा आहेच. तो मान्य करा. ज्या स्पेलिंगबद्दल तुम्ही रडताय, ते मात्र मान्य करण्याजोगं काही नाही. २४० नग कमी पाठवायचं शेडमध्ये ठरलं, ते तुम्हाला इन्व्हॉइस करताना कळलं. कागद करणाऱ्याला गोष्टी सगळ्यात शेवटी कळत असतील तर तिथे तुमच्या जागी कुणीही बसलं तरी हेच होईल.

म्हणून सोडू नका, पण अट घाला. पुढची एलसी येईल त्याच दिवशी शेड बघणारे दीर, सीएचए आणि तुम्ही एका टेबलाशी बसायचं. प्रतीवर आकड्यांचे रकाने असतात. ४४सी मध्ये माल चढवण्याची शेवटची तारीख, ३१डी मध्ये एलसी कधी आणि कुठे संपते ते, ४३पी मध्ये तुकड्यांनी माल पाठवता येतो का ते. मालाचं वर्णन ४५ए मध्ये असतं. ते इन्व्हॉइसवर जसंच्या तसं उतरवायचं, सुधारायला जायचं नाही; बाकीच्या कागदांवर मोघम असलं तरी चालतं, विसंगत नको. मग ४६ए आणि ४७ए, म्हणजे लागणारे कागद आणि जादा अटी. हे दोन रकाने मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक ओळीला विचारायचं: हा कागद कोण देणार, आणि त्याने नाही दिला तर? जिथे उत्तर ‘खरेदीदार’ असेल तिथे लाल पेन. बदल त्याच आठवड्यात मागायचे, सूत घेण्याआधी. तेव्हा गिऱ्हाइकालाही माल हवा असतो, तो ऐकतो. कंटेनर निघाल्यावर कोण ऐकतं?

आणि एक गोष्ट मला पत्र वाचताना सारखी खटकत होती. २० जानेवारी ही तारीख दुबईवाल्याने टाकली. त्याला संक्रांत माहीत नाही, सिद्धेश्वरांची यात्रा माहीत नाही. तुम्हा सगळ्यांना माहीत होती. नंदीध्वजाच्या मिरवणुकीच्या दिवसांत निम्मी शेड गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत असते, हे तुम्हीच लिहिलंय. रंगाचा लॉट पुन्हा काढायला तेच दोन-तीन दिवस कमी पडले. इथून न्हावा शेवा चारशे किलोमीटरच्या आसपास, गेटची वेळ आणि जहाजाचा भरवसा वेगळा. डिसेंबरात एक मेल टाकून ३१ जानेवारी मागून घेतली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तेव्हा आज रात्री जेवताना मामंजींना एवढंच विचारा: पुढच्या वर्षी जानेवारीत शिपमेंट असली तर गिऱ्हाइकाला कोणती तारीख सांगू? एवढ्या वर्षांचे गड्डे पाहिलेल्या माणसाकडे त्याचं उत्तर असणार. ते सांगतील ती तारीख लिहून घ्या, आणि त्यात जहाजासाठी आठ दिवस वाढवा.